साइटवरून थेट सत्तेत!

पुण्यात शिकलेला एक सिव्हिल इंजिनीअर धरणं बांधता बांधता एका संस्थानाचा कारभारी होतो. ‘राजकारण आपलं काम नाही’ म्हणणाऱ्यांनी हा करिअर ग्राफ बघाच!

‘पॉलिटिक्स? नको रे बाबा!’ आम्हा सिव्हिलवाल्यांच्या ग्रुपमध्ये हे वाक्य ठरलेलं. रस्ता खचला, पूल रखडला की शिव्या पुढाऱ्यांना. आपण मात्र ड्रॉइंगवर सही ठोकून मोकळे! अशा वेळी मला हमखास आठवतात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हो, तेच. ज्यांच्या वाढदिवसाला, १५ सप्टेंबरला, आपण ‘हॅपी इंजिनीअर्स डे’चे मेसेज फॉरवर्ड करतो.

त्यांचा सीव्ही बघा. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनीअर. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत नोकरी, पोस्टिंग नाशिक. मग खानदेश, सिंधमधलं सक्कर, पुणे...

आपलं खडकवासला!

वीकेंडला आपण जिथे भजी नि कणीस खायला जातो, त्या खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं, ही आयडिया. पूर आला की पाण्याच्या जोरानेच दरवाजे उघडायचे, ओसरला की बंद. माणूस लागायचा नाही. डिझाइनचं पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून रॉयल्टी नाकारली.

दिवाणसाहेब

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले आणि १९१२ मध्ये महाराजांनी त्यांना थेट दिवाण केलं. निवडणूक वगैरे नाही हं, नेमणूक! पण दिवाण म्हणजे जवळजवळ मुख्यमंत्रीच.

इथे दोन्ही करिअर एकमेकांत मिसळली. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं होतं. म्हैसूरला साडेएकेचाळीस टीएमसीचा साठा हवा होता. खालच्या मद्रासने फक्त अकराला होकार दिला. म्हैसूरने काय केलं? पाया मोठ्या धरणाचाच घातला! मद्रास भडकलं, प्रकरण लवादापुढे गेलं, करार व्हायला १९२४ उजाडलं. पायाची रुंदी किती ठेवायची, हा प्रश्न इंजिनीअरिंगचा की राजकारणाचा? मला तर दोन्ही वेगळे करताच येत नाहीत. आणि कावेरीचं भांडण पुढे किती पेटलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दिवाणगिरीची सहा वर्षं म्हणजे नुसता धडाका. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, चंदनाच्या तेलाचा कारखाना, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची तयारी...

जिथे गणित अडलं

मग १९१८ साल आलं. सरकारी नोकऱ्यांमध्ये ब्राह्मणांचीच भरती दिसते, अशी ब्राह्मणेतरांची तक्रार होती. महाराजांनी न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचा आग्रह गुणवत्तेचा. राखीव जागा त्यांना मान्य नव्हत्या. त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं.

हिरोचं हे मत मला पटत नाही, ते स्पष्टच सांगतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांना शाळेचं दारच उघडलं नाही, त्यांची गुणवत्ता मोजणार कशी? कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर १९०२ मध्येच मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. पाणी पातळी बघून आपोआप वाटलं जातं, संधी नाही. ती कुणीतरी ठरवून वाटावी लागते. त्यालाच तर राजकारण म्हणतात!

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचीही भिंत गेली. दोनच महिन्यांनी विश्वेश्वरय्यांनी शंभराव्या वाढदिवसाचा केक कापायचं वय गाठलं. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. खडकवासला नंतर पुन्हा उभं राहिलं, कृष्णराजसागर अजून पाणी देतंय आणि नोकऱ्यांचा वादही अजून मिटलेला नाही.

म्हणून दोस्तांनो, निवडणूक लढवाच असं नाही. पण वॉर्डातल्या रस्त्याचं टेंडर निघेल तेव्हा जाऊन कागद तरी मागा. वाचता येतात की आपल्याला! आणि बैठकीला बसाल तेव्हा एवढंच बघा, कोणाला बोलावलेलंच नाहीये?