कुरतडणाऱ्या पिल्लासाठी वस्तीवरचे टिकाऊ घर

गाईसाठी आपण गोठा बांधतो, कोंबड्यांसाठी खुराडे करतो, शेळ्यांना कुडाचा आडोसा देतो. कुत्र्याला मात्र, "बस कुठेतरी," असे म्हणून मोकळे होतो. वस्तीवर राहणाऱ्या घराला कुत्रे हे हौसेचे जनावर नव्हे. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाच्या पुढे तेच असते आणि गोठ्याकडे काही आले तर पहिली चाहूल त्यालाच लागते. अशा राखणदाराला पावसात आणि रात्री सुरक्षित बसता येईल असे घर हवे. पिल्लू लहान असेल आणि दिसेल ते कुरतडत असेल, तर हे घर निवडताना दुप्पट विचार करावा लागतो. तो मी एकदा केला नाही. त्याची हकीकत आधी सांगतो.

माझ्या धाकट्या भावाची वस्ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याने एक गावठी पिल्लू आणले. पोरांनी नाव ठेवले मोत्या. मी कौतुकाने शहरातून प्लायवूडचे तयार घर आणून दिले. हिरवा रंग, उतरते छप्पर, पुढे सरकते दार. दिसायला मोठे देखणे! पंधरा-वीस दिवसांत मोत्याने दाराच्या चौकटीची कडा कुरतडली. भावाने कळवले, तेव्हा मी म्हणालो, "दात येतायत रे, थांबेल आपोआप." पाऊस सुरू झाला, प्लायवूड फुगले, त्याचे पापुद्रे सुटले. मोत्याला तर खेळणेच मिळाले. आषाढात त्या दाराला त्याच्या अंगाएवढे भोक पडले. एका रात्री तो त्यातून बाहेर आला आणि पडवीच्या कोपऱ्यात झोपला. सकाळी चिखलात बिबट्याचे ठसे होते. मोत्या नव्हता.

मी भेटायला गेलो तेव्हा भावजय एवढेच म्हणाली, "भावजी, बियाणं घेताना सतरा प्रश्न विचारा, असं तुम्हीच सांगता. हे खोपटं घेताना एक तरी विचारलात का?" मला उत्तर देता आले नाही. पुढचा मजकूर म्हणजे तेच उत्तर आहे असे समजावे.

पिल्लू का कुरतडते?

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात अठ्ठावीस असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू काहीतरी चावत राहते. ही खोड नव्हे, त्याची गरज आहे. दात आल्यावरही वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत चावणे पूर्ण थांबत नाही. दिवसभर साखळीला बांधलेले, कामधाम नसलेले पिल्लू जास्तच कुरतडते. मारून ते थांबत नाही. मालकाची पाठ वळल्यावर चावायला शिकते एवढेच.

म्हणून 'ते थांबेल' या भरवशावर घर घेऊ नये. घरच असे घ्यावे की दात चालणार नाहीत.

चिमटीची कसोटी

एक साधी गोष्ट पाहा. सपाट भिंत कुत्र्याला चावता येत नाही, कारण तोंड तिच्यावर बसत नाही. त्याला कडा लागते, टोक लागते, फट लागते. तेव्हा घर विकत घ्या की बांधा, आतून-बाहेरून सगळीकडे हात फिरवा. जिथे तुमचा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत कडा सापडते, तिथे पिल्लाचा दात बसणार हे नक्की समजा. त्यातून मिळणारी वस्तू मऊ असेल तर ती आज ना उद्या जाणार.

आता आपल्याकडे मिळणाऱ्या वस्तू या कसोटीला लावून पाहू.

प्लायवूड : सर्वांत वाईट. पावसाने थर सुटतात आणि प्रत्येक थर ही नवी कडा होते. तुकडे पोटात गेले तर आतडे अडण्याची भीती असते.

लाकडी फळ्या : फळांच्या पेटीचे लाकूड मऊ, ते महिनाभर पुरत नाही. बाभळीच्या पक्क्या लाकडाचे घर टिकते, पण दाराच्या कडांवर पत्रा मारावा लागतो. पत्र्याची धार उघडी ठेवू नये, दुमडून आत घ्यावी. नाहीतर जीभ आणि ओठ कापतात. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आपण डांबर किंवा इंजिनचे जळके तेल लावतो. कुरतडणाऱ्या पिल्लाच्या घराला ते लावू नये, ते पोटात जाते. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून जुन्या रंगवलेल्या दारा-खिडक्यांच्या फळ्याही नकोत.

प्लॅस्टिकचे पिंप : गोल अंगाला दात लागत नाही, पण कापलेल्या तोंडाची कडा लगेच कुरतडली जाते. औषधाचे किंवा रसायनाचे पिंप तर कितीही धुतले तरी वापरू नये.

लोखंडी बॅरल : दात चालत नाही. मात्र उन्हात तापून तव्यासारखे होते आणि वाढलेल्या कुत्र्याला अपुरे पडते. घट्ट सावली असेल तर लहान पिल्लापुरते चालेल. कापलेली कडा मात्र वळवून घ्यावी.

सिमेंटचा पाइप : मोरीच्या कामातून उरलेला दोन-अडीच फूट व्यासाचा, चार फूट लांबीचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळे. पाठीमागचे तोंड विटांनी बंद करावे, तळाला थोडे काँक्रीट ओतून बैठक सपाट करावी आणि वर फूटभर माती चढवून गवत लावावे. आत थंडावा राहतो आणि दात लावायला जागाच उरत नाही.

सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे : त्यांत ॲस्बेस्टॉस असते. फुटक्या पत्र्याची धूळ माणसाच्या आणि जनावराच्याही फुप्फुसाला घातक आहे. ते कापून, जोडून घर करू नये.

विटांचे घर कसे बांधावे?

माझ्या मते आपल्या वस्त्यांना सर्वांत योग्य ते विटांचेच. घरबांधणीतून किंवा गोठ्यातून उरलेल्या विटा बहुतेकांकडे असतात.

आतून साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच एवढे घर गावठी कुत्र्याला जन्मभर पुरते. पिल्लाच्या मापाने बांधू नये. त्याची आई पाहिली असेल तर तिच्या मापाने बांधावे. कारवान जातीचे कुत्रे उंच असते, त्याला सगळीकडे अर्धा फूट वाढवावा. फार मोठेही नको, कारण थंडीत कुत्र्याच्या अंगाच्या उबेनेच घर उबदार होते.

जोते जमिनीपासून नऊ इंच उंच घ्यावे. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचाची पुरे. जोत्यासह सुमारे अडीचशे विटा आणि गिलाव्यासकट दोन गोणी सिमेंट लागेल. गिलावा आतून-बाहेरून करावा. विटांच्या उघड्या सांध्यांत गोचीड लपतात आणि तिथेच अंडी घालतात. गिलाव्याने त्यांची जागा बंद होते, शिवाय वर्षातून दोनदा चुन्याचा हात देता येतो. दाराच्या चौकोनाचे कोपरे थापीने गोल करावेत, म्हणजे चिमटीला काही लागत नाही.

तळाला शहाबादी फरशी, दाराकडे किंचित उतार देऊन बसवावी. छपरालाही फरशीच घालावी. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा तीन इंच कमी ठेवली म्हणजे पाणी मागे पडते. सांधे सिमेंटने बुजवावेत. पाचटाचा जाड थर वर टाकला तर एप्रिल-मेमध्ये आत बरेच सुसह्य होते. हवा खेळण्यासाठी छपराच्या लगत समोरासमोर अर्ध्या विटेएवढी दोन भोके ठेवावीत.

दार हाच खरा प्रश्न

दार लांब भिंतीच्या एका टोकाला ठेवावे, मध्यावर नको. त्यामुळे कुत्रे आत जाऊन बाजूला वळून बसते आणि त्याच्या अंगावर झड येत नाही. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा, म्हणून तोंड पूर्वेला करावे. वीस इंच उंच आणि चौदा इंच रुंद दार गावठी कुत्र्याला पुरेसे होते.

जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे दार रात्री बंद झालेच पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्या आहारात पाळीव व गावातल्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. म्हणजे आपण ज्याला राखणीला ठेवतो, तेच बिबट्याचे मोठे भक्ष्य आहे. उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

दार लोखंडी अँगलच्या चौकटीचे करून घ्यावे. खालच्या अर्ध्या भागात सपाट जाड पत्रा, त्याच्या कडा चौकटीत आत घेतलेल्या. वरच्या अर्ध्यात दीड-दीड इंचावर सळया. पिल्लू बसल्यावर त्याचे तोंड पत्र्यासमोर येते. सगळेच दार सळयांचे केले तर ते सळया चावून दात मोडून घेते. जाळी लावू नये, तिच्या तारा तुटून तोंडात जातात. दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि कोयंड्यात खिळा घालावा. दिवसा दार उघडेच ठेवावे. घर ही शिक्षेची कोठडी झाली, तर पिल्लू रात्रभर दाराशी झुंजत राहील.

आत काय, भोवती काय?

आत गोणपाट घालू नये. पिल्लू ते फाडते, सुतळीचे धागे गिळते आणि आतडे अडते. खताची रिकामी पिशवीही नको. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड घालावे आणि आठवड्याला बदलावे. कुसळाचे गवत मात्र टाळावे. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरून जखम होते.

घरासाठी झाडाखालची उंच जागा निवडावी, ती उकिरड्यापासून दूर आणि स्वयंपाकघरातून दिसेल अशी असावी. मग साखळीच्या टप्प्यात काय येते ते पाहावे. मोटारीची केबल, स्टार्टरची वायर, ठिबकच्या नळ्या हे सगळे पिल्लाच्या आवडीचे. केबल लोखंडी पाइपातून न्यावी. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड असेल तर पिल्लू तिकडे जाऊ देऊ नये, दोन्ही विषारी आहेत. औषध चोळलेले बियाणे आणि उंदरांचे औषध माळ्यावर, कुलपात ठेवावे.

दातांना काम द्या

घर कितीही पक्के असले तरी दातांना काम हवेच. त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा भरीव रबरी चेंडू द्यावा. जाड गाजर द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या चिरफळ्या होतात. दाणे काढलेले मक्याचे कणीस आणि आंब्याची कोय पिल्ले गिळतात आणि ती आतड्यात अडकतात. खळ्यात आणि उकिरड्यावर याकडे लक्ष ठेवावे. जुनी चप्पल कौतुकाने देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे त्याला कळत नाही. पाहुण्यांच्या चपला गेल्या की मग आपणच काठी शोधतो!

सकाळ-संध्याकाळ त्याला शेतात बरोबर न्यावे. दमलेले पिल्लू झोपते, कुरतडत नाही. पिल्लू एकाएकी खायचे थांबले, उलट्या करू लागले किंवा शेण टाकीनासे झाले, तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नये, पशुवैद्यकाकडे न्यावे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे वर्षाच्या वर्षी टोचावी. खेळता-खेळता त्याचे दात पोरांच्या हातालाच आधी लागतात, हे विसरू नये.

त्याच वर्षी दिवाळीनंतर भावाने आणि मी मिळून विटांची खोपी बांधली. गवंडी बोलावला नाही, दोघांनीच दोन दिवसांत उभी केली. चुन्याचा हात भावजयीने दिला. नंतर आलेल्या पिल्लाचे नाव वाघ्या. त्यानेही पहिले काही महिने दाराच्या कोपऱ्यावर दात घासून पाहिले. गिलाव्यावर त्याचे चार-दोन ओरखडे आजही आहेत, त्यापुढे काही झाले नाही. वाघ्या आता म्हातारा होत आला आहे. अंधार पडला की तो आपणहून आत जाऊन बसतो, आणि झोपण्यापूर्वी कोयंड्यात खिळा घालायला भावजय एकही रात्र विसरत नाही.