पंगत आणि उपाहारगृह

वाढदिवस, साठीशांत, मुलांचे परीक्षेतील यश असा काही आनंदाचा प्रसंग आला म्हणजे हल्ली पुष्कळ घरांतून पहिला प्रश्न निघतो तो ‘स्वयंपाक काय करावयाचा?’ हा नव्हे, तर ‘जेवावयास कोठे जावयाचे?’ हा. यात निंदा करण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. एके काळी बाहेरचे जेवण ही गरजेची बाब होती. घर सोडून शहरात आलेला विद्यार्थी किंवा कारकून खानावळीत जेवे, तो दुसरा उपाय नाही म्हणून. आज तीच गोष्ट हौसेची झाली आहे, आणि हौस म्हटली की अपेक्षा आली. गरजेचे जेवण बेताचे निघाले तर मनुष्य ते विसरून जातो. मंगलप्रसंगाचे जेवण बिघडले तर ते वर्षानुवर्षे आठवते. म्हणूनच या विषयाचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

गेल्या कार्तिकात आमच्या वडील बंधूंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, त्या मानाने सहस्र पौर्णिमा भरावयास सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. एवढे आयुष्य लाभणे ही भाग्याचीच गोष्ट होय. सकाळी शांत झाली, आणि रात्रीचे भोजन बाहेर घ्यावे असे पुतण्याने ठरविले. त्याचा हेतू स्तुत्य होता. आमच्या सौ. वहिनींनी या घरात पंचावन्न वर्षे प्रत्येक कार्याचा स्वयंपाक केला. त्यांनी एक दिवस तरी स्वस्थ बसावे आणि त्यांच्या पानात दुसऱ्याने वाढावे, एवढीच त्याची इच्छा होती.

शहरातील एका नावाजलेल्या उपाहारगृहात चौदा माणसांची जागा आठ दिवस आधी राखून ठेविली होती. आठ वाजता आम्ही पोहोचलो. बसावयास मिळाले ते पावणेनऊला. तोवर दादा दाराशी एका तिवईवर बसून होते. आत गाण्याचा गलका इतका, की त्यांनी कानातील यंत्र काढून खिशात ठेविले, आणि ज्यांचा सोहळा तेच संभाषणातून बाहेर पडले. मुलांच्या ताटल्या प्रथम आल्या व संपल्याही; आमच्या रोट्या आल्या तेव्हा भाजीचा पत्ता नव्हता. दादांसाठी मुद्दाम सांगितलेले बिनतिखटाचे वरण तासाभराने आले, ते वर लाल फोडणी घेऊन. वहिनी त्यातील मिरच्या वेचीत बसल्या. मग त्यांनी आपली रोटी नातवंडांत वाटून दिली. ज्यांना वाढून घेण्यासाठी नेले होते, त्या तेथेही वाढीतच राहिल्या. देयकात दहा टक्के सेवाशुल्क होते. पुतण्याने हरकत घेताच ते वजा झाले. घरी आल्यावर रात्री अकरा वाजता वहिनींनी एक शब्दही न बोलता मऊ भात टाकला, आणि दादा मेतकूट-भात जेवले.

दुसऱ्या दिवशी घरात निष्कर्ष निघाला, ‘यापुढे घरीच करावे हे बरे.’ हा निष्कर्ष ऐकावयास गोड असला तरी आम्हांस तो मान्य नाही. ‘घरीच करावे’ या वाक्यास कर्ता नाही. तो शोधू गेल्यास पुन्हा वहिनी किंवा सूनबाईच सापडतात. एका उपाहारगृहाच्या गैरव्यवस्थेची शिक्षा घरातील स्त्रियांनी भोगावी, हा न्याय नव्हे.

मुळात असे का होते ते पाहिले पाहिजे. पंगतीत अन्न आधी सिद्ध होते व मग माणसे पानावर बसतात; उपाहारगृहात माणसे आधी बसतात व मग अन्न शिजू लागते. सर्व भेद या एका गोष्टीत आहे. चौदा जणांनी चौदा पदार्थ मागितले की ते निरनिराळ्या आचाऱ्यांकडे जातात. भट्टीवरची रोटी एकाच्या हाती, शेगडीवरची भाजी दुसऱ्याच्या. जे आधी होईल ते आधी येते, कारण थांबविले तर ते निवते. तिखट कमी करणेही पुष्कळदा आचाऱ्याच्या हाती नसते. रस्सा मसाल्यासह आधीच मोठ्या पातेल्यात तयार असतो. सुटीच्या आदल्या रात्री ही ओढाताण शिगेस पोहोचते.

कारण कळले की उपाय सुचतो. मोठ्या कुटुंबाने प्रत्येकाच्या आवडीचे न मागविता सर्वांस एकच ठरलेले ताट घ्यावे, आणि पदार्थ आदल्या दिवशी लिहून द्यावेत. रात्रीऐवजी दुपारची वेळ धरावी. घरातील एका जाणत्याने आधी त्याच वेळी तेथे जाऊन गलका, जिने व बसण्याची सोय पाहून यावी. वृद्धांचे वरण-भात सर्वांच्या आधी मागवावे. तक्रार करावयाची झाल्यास ती तेथल्या तेथे, एकानेच व हलक्या आवाजात, उत्सवमूर्तीपासून दूर जाऊन करावी.

देयकाविषयीही जाणून असावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपाहारगृहाने सेवाशुल्क आपण होऊन देयकात घालता कामा नये. ते देणे न देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना ग्राह्य ठरविल्या. वस्तू व सेवा कर मात्र सरकारचा असून तो देणे प्राप्तच आहे. शुल्क वजा न केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

आणि बाहेर जाणे नकोच असेल, तर आचारी घरी बोलवावा. मात्र वाढण्यास घरातील पुरुषांनी व तरुण मुलांनी उभे राहावे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे, एवढे शिकावयास एक संध्याकाळ पुरे. अन्न विकत मिळते, जागा मिळते, वाढपीही मिळतो. परंतु ‘आणखी एक घ्याच’ हा आग्रह, आणि कोणाच्या पानात काय संपले आहे हे पाहणारी नजर, ही घरच्याच माणसांनी द्यावयाची असते. ती पहिल्या घासापासून सोबत असेल, तर जेवण कोठे होते हा प्रश्न फारसा महत्त्वाचा उरत नाही.