प्रवाळ आणि नांगर

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधणीस आरंभ केला. बेटाभोवतीच्या पाण्यात दडलेले खडक अनोळखी गलबताला सहसा वाट देत नाहीत. परंतु तेच खडक लाटांचा जोर मोडतात आणि आतील पाणी निवांत राखतात. अशा आडोशाच्या उथळ पाण्यात प्रवाळ वाढते. शिडाच्या होडीलाही नांगर टाकण्यास नेमके असेच पाणी हवे असते.

प्रवाळ दिसते दगडासारखे. वस्तुतः असंख्य इवल्या प्राण्यांनी रचलेला तो चुन्याचा सांगाडा होय. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. घुमटाकार प्रवाळांची वाढ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर. वीतभर उंचीचा घुमट घडण्यास वीस वर्षे लागतात. तो फुटण्यास नांगराचा एक आघात पुरतो.

पण नांगरापेक्षा त्याची साखळी अधिक घातक, हे सहसा ध्यानी येत नाही. नांगर केवळ आपल्या वजनाने होडी धरीत नाही. ओढ आडवी असेल तर त्याचे फाळ वाळूत रुततात. ती वरच्या दिशेने लागली की ते निसटतात. म्हणून भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडावी लागते. पाणी तीन मीटर असेल तर साखळी पंधरा मीटर. आता दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. होडी त्यांच्याबरोबर फिरते आणि तळावर पडलेली साखळी वाटेतील सर्व काही खरवडत नेते.

तेव्हा नांगराखाली वाळू असून भागत नाही. साखळी फिरेल तेवढे सारे वर्तुळ वाळूचे हवे. सूर्य माथ्यावर किंवा पाठीशी असताना तांडेलाला वाळू फिकट हिरवट व प्रवाळ तपकिरी दिसते. ढगाळ दिवशी शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून ते तळाशी सोडावे. वाळू असल्यास तिचे कण चिकटून येतात.

मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरांचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. अशा ठिकाणी सर्वांत उत्तम उपाय कायमच्या बोयाचा. वाळूत पक्क्या बसविलेल्या जड ठोकळ्याला त्याची साखळी जोडतात आणि तिच्या मध्यावर एक लहान तरंगता गोळा बांधतात, म्हणजे ओहोटीतही ती तळाला घासत नाही. होडी बोयाला बांधून पाण्यात उतरणाऱ्याने मात्र पाय टेकावेत ते वाळूवरच.