कंदांची बेगमी

मुळशी खोऱ्यांत थोडी जमीन घेऊन घरापुरता भाजीपाला लावणारीं पुण्यांतील कुटुंबें आतां बरींच झालीं आहेत. पौष-माघांत त्यांना एक सुखाची अडचण पडते. सुरणाचे दांडे पिवळे पडून माना टाकतात, रताळ्यांचा वाफा खणावा तों पाट्या भरतात, आणि शेजारीपाजारीं वांटूनहि माल उरतो.

थंड देशांतील पुस्तकें अशा वेळीं तळघर सुचवितात. ओलसर वाळूंत गाजर-बीट पुरून हिवाळा काढावा, असें तीं म्हणतात. तेथें जमीन गोठते, म्हणून तो उपाय. आपल्याकडे थंडी हा शत्रु नव्हे. वैशाखाचें ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस, हे खरे शत्रु. पुणें शहरांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांत ताम्हिणीच्या घाटांत तो त्याच्या कित्येक पट पडतो. अशा मुलखांत खड्डा खणून कंद पुरणें म्हणजे ते विहिरींत टाकण्यासारखेंच आहे.

खणून काढलेला कंद मेला, असें आपण समजतों. वस्तुतः तो निजलेला असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, अंगांतील पाणी गमावतो, इतकेंच नव्हे तर आपली जखमहि भरून काढतो. पहिल्या वर्षीं मीं रताळीं स्वच्छ धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधलीं. पंधरा दिवसांत आंबूस वास सुटला. उरलेलीं फ्रिजमध्यें ठेवलीं, तर शिजल्यावरहि त्यांच्या पोटांत कडक गांठी राहिल्या. उष्ण देशचा हा कंद, १२ अंशांखालची थंडी तो सोशीत नाहीं. बांधाशेजारचे म्हातारबाबा एवढेंच म्हणाले, "धुतलीत कशापायी, सायेब? माती हीच त्येची घोंगडी."

तेव्हांपासून कुदळीचा घाव लागलेलीं रताळीं आम्ही आधीं खातों. बाकीचीं न धुतां, उन्हांत न टाकतां, आठवडाभर उबदार व किंचित् दमट जागीं गोणपाटाखालीं ठेवतों. तेवढ्यांत खरचटल्या जागीं नवी साल धरते. मग वारा खेळेल अशा टोपल्यांत त्यांना हलवावें. सुरण माती झाडून, माळ्यावर भाताच्या पेंढ्यावर, एकमेकांस न लागतील असे एकेरी मांडावे आणि दर आठ दिवसांनीं हात फिरवून मऊ लागेल तो बाजूला काढावा. बटाटे अंधारांत हवेत. उजेडानें ते हिरवे व विषारी होतात. गाजर-मुळ्यांचा मात्र नाद सोडावा, त्यांचें लोणचें घालून मोकळें व्हावें. उंदरांवर उपाय मला अजून सांपडलेला नाहीं.

कोणी म्हणेल, सांगलीजवळ हरिपुरास हळद जमिनींतच ठेवीत असत ना? होय; तेथील पेवें प्रसिद्धच आहेत. परंतु ती हळद शिजवून वाळविलेली, म्हणजे निर्जीव. बंद पेवांतील प्राणवायु संपला कीं किडा जगत नाहीं आणि हळद टिकते. म्हणूनच पेव उघडल्यावर कांहीं तास थांबून मगच माणूस आंत उतरे. २००५ च्या कृष्णेच्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें नासलीं. जी हवा कोंडल्यानें वाळकी हळद वांचते, तीच कोंडल्यानें जिवंत सुरण कुजतो.

आतां घरोघरीं होणारा तंटा. हाच कंद भाजी आहे आणि हाच पुढल्या वर्षाचें बियाणें. सुरणाच्या लागवडीस डोळ्यासह सुमारें अर्ध्या किलोची फोड लागते. चैत्रांत पाहुणे येतात, बाजारांत भाजी महाग असते, हात माळ्याकडे जातो. आमच्या घरीं एके वर्षीं असाच सगळा सुरण संपला आणि ज्येष्ठांत वाफे रिकामे राहिले. बियाणें विकत आणावें, तर तें भाजीहून महाग. म्हणून माघांतच चांगले, निरोगी कंद निवडून त्यांवर चुन्याची खूण करावी व ते निराळ्या कोपऱ्यांत ठेवावे. वळवाचा पाऊस पडूं लागला म्हणजे अंधारांतहि त्यांचा गुलाबी डोळा फुगूं लागतो. तो दिसला कीं त्यांना खालीं उतरवावें.