प्रवाशाचा दोष काय?

अकलोलीला लोक दुखणी घेऊन जातात, ती तिथेच सोडून यावीत म्हणून. तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे, जवळच वज्रेश्वरी आणि गणेशपुरी. संधिवातवाले, नवसवाले, सहलवाले असा सारा लवाजमा भिवंडीच्या रस्त्याने तिकडे लोटतो. कुणी एस.टी.ने, कुणी जीपने, कुणी भावकीतल्या मोटारीने, तर कुणी बिऱ्हाडासकट टेम्पोत. गाडीत बसताना आपण भाडे विचारतो, विमा विचारत नाही. अपघात झाल्यावर मात्र सारे त्यावरच येऊन ठेपते.

वास्तविक प्रवाशाइतका निर्दोष माणूस रस्त्यावर दुसरा नाही. चाक त्याच्या हातात नसते, ब्रेक त्याच्या पायाखाली नसतो. दोन गाड्यांची टक्कर झाली तर चूक कोणाची किती, हा वाद त्या दोघांचा. प्रवाशाने दोहोंपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'खेन्येई' प्रकरणात स्पष्ट केले. पण पैसे द्यायचे कोणी, हा प्रश्न इतक्यावर सुटत नाही.

नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेल्या एका मोटारीचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९६० मध्ये रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची ही गाडी, तिचा व्यवस्थापक चालवीत असताना, रस्ता सोडून झाडावर आदळली. आतला प्रवासी गेला. त्याच्या विधवेने दावा लावला. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल फिरवला. धडधाकट रस्त्यावरची गाडी उगाच झाडावर जात नाही, तेव्हा निष्काळजीपणा उघड आहे; आणि चालक कंपनीच्या कामावर असल्याने जबाबदारी कंपनीची. विमा कंपनीच्या वाट्याला मात्र पॉलिसीप्रमाणे पंधरा हजारच आले. या सगळ्याला सतरा वर्षे लागली! आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला व्याज कळते. सतरा वर्षांत रुपयाचे काय होते, तेही कळते.

आजही खासगी मोटारीची नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर आत बसलेल्यांना तिचे संरक्षण नसते. मालवाहू टेम्पोचे त्याहून कठीण. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर विमा लागू. फुकट किंवा भाडे देऊन चढलेल्या वऱ्हाडाला नाही, असे 'आशा राणी' प्रकरणाने २००२ साली ठरवले. काही खटल्यांत न्यायालये विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात, मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण तो हक्क नव्हे, न्यायालयाची दया म्हणा.

दुसरा घोळ रकमेचा. डॉक्टर सांगतो, पायाला चाळीस टक्के अपंगत्व. पण कमाई किती टक्के गेली? 'राजकुमार' प्रकरणात २०१० साली न्यायालयाने हाच फरक समजावून दिला. हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची सारी कमाई बुडते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. आता हिशेब पाहू. भिवंडीचा चौतीस वर्षांचा मागवाला, महिना बारा हजार. भावी वाढीचे चाळीस टक्के धरले तर वर्षाचे दोन लाख सोळाशे. त्या वयाचा गुणक सोळा. कमाईतली घट चाळीस टक्के धरली तर बारा लाख नव्वद हजार. दहा टक्के धरली तर सव्वातीन लाखांच्या आत. नऊ लाखांहून अधिक फरक एका टक्केवारीचा! अपिलातली लढाई बहुधा इथेच होते.

अपिलाची मुदत नव्वद दिवस. पैसे देणाऱ्याने अपील करताना पंचवीस हजार किंवा निम्मी रक्कम, यांपैकी कमी असेल ती भरली की पुरते. स्थगिती हवी असेल तर न्यायालय सहसा अधिक भरायला लावते, हे खरे. तरीही जखमी माणसाच्या बाजूला वेळ कधीच नसतो. घरातली कमाई थांबलेली, औषधे चालू. मग तो मिळेल त्या तडजोडीवर अंगठा उठवतो.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१९च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. तेव्हा दिरंगाई नको. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागत नाही, आपल्या राहत्या गावच्या न्यायाधिकरणातही चालतो. आणि दवाखान्यातली एकही पावती फेकू नये. ज्याने काहीच चूक केली नाही, त्यालाच सारे पुरावे गोळा करावे लागतात. कायद्याची रीत अशीच आहे; ती बदलेपर्यंत कागद जपणे एवढेच आपल्या हाती.