ऊब आईच्या कुशीची

लखनौ शहराच्या उत्तरेला जानकीपुरम नावाची वसाहत आहे. जानकी म्हणजे सीता. ती सासर-माहेरापासून दूर, आश्रमात बाळंत झाली. सर्वसामान्य घरात मात्र बाळंतिणीभोवती सासू, जाऊ, सुईण, शेजारीण असा गराडा असतो. बाळाचे पहिले काही तास कसे जावेत, हे बहुधा याच बायका ठरवतात. लखनौला लागूनच असलेल्या रायबरेली जिल्ह्यात, शिवगढ भागात झालेल्या एका अभ्यासाने नेमके यांनाच हाताशी धरले.

शिवगढच्या खेड्यांत बाळाला जन्मताच अंघोळ घालण्याची आणि आईचे पहिले दूध टाकून देण्याची रीत होती. हेतू वाईट नव्हता. पण ओल्या अंगाचे इवलेसे बाळ लगेच गारठते. डॉ. विश्वजीत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या गावांचे तीन गट केले. एका गटात नेहमीच्याच सोयी ठेवल्या. दुसऱ्या गटात कार्यकर्त्यांनी बाळंतपणाआधी दोनदा आणि नंतर दोनदा घरी जाऊन समजावले: बाळाला कोरडे पुसा, आईच्या उघड्या छातीशी धरा, लगेच अंगावर पाजा, नाळ स्वच्छ ठेवा. तिसऱ्या गटात याच्या जोडीला बाळ गारठल्याचे दाखवणारी एक टिकलीही दिली.

निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दुसऱ्या गटात पहिल्यापेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. टिकलीच्या गटातली घट होती ५२ टक्के! म्हणजे खरे काम केले ते आईच्या उबेने, दुधाने आणि स्वच्छतेने.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात-मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या घरी काय करावे? बाळाच्या अंगावरचा पांढरा थर म्हणजे घाण नव्हे. तो त्वचेचे रक्षण करतो. पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. सुरुवातीचे घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, थोडाच असतो. पण बाळाला तेवढा पुरतो आणि रोगांशी लढण्याचे बळही देतो. मध, साखरपाणी, घुटी यांपैकी काहीही चाटवू नये. सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे. बाळ दूध ओढेनासे झाले, थंड किंवा तापलेले लागले, धापा टाकू लागले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

तेलपाणी, शेकशेगडी, डिंकाचे लाडू हे सारे घरच्या वडीलधाऱ्या बायका मायेने करतातच. बाळाला आधी आईच्या छातीशी द्यायचे, एवढे त्यांनी मनावर घेतले, तर घराघरांतली कितीतरी बाळे सुखरूप राहतील.