साध्या तिकिटावर जत्रा : भाग 6
सासनकाठीच्या वाटेवर

मागच्या भागात आपण सोमवतीला जेजुरी स्टेशनवर उतरलो होतो. आज त्याच रुळांवरून शेवटपर्यंत जायचंय. कोल्हापूरला, चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेला.

आमच्या धायरीला रेल्वे नाही. फाट्यावरून पीएमपीनं स्वारगेट गाठायचं, तिथून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून पुणे स्टेशन. आरक्षण मिळालं नाही म्हणून घरी बसू नका. 200 किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाचं जनरल तिकीट तीन दिवस आधी काढता येतं आणि कोल्हापूर त्यात बसतं. यात्रेच्या आदल्या दिवशी निघा. कोयना एक्स्प्रेस दुपारी पुण्यातून सुटते आणि रात्री कोल्हापूरला पोचते.

रस्त्यानं कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर, रेल्वेनं जवळजवळ 325. पुष्कळांना हा वळसा नकोसा वाटतो. मला तो हवासा वाटतो. शिंदवणे आणि आदर्कीचे घाट ओलांडून गाडी वाठार, सातारा, मसूर, कराड, ताकारी अशी जोतिबाला कुलदैवत मानणाऱ्या मुलखातून जाते. दर स्टेशनवर पिशवीत खोबरं-गुलाल घेतलेली माणसं चढतात. कुणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ म्हणतं आणि सबंध डबा ‘चांगभलं’ म्हणतो. मोटारीतून थेट डोंगराच्या पायथ्याशी उतरणाऱ्याला यात्रेचा हा अर्धा भाग दिसतच नाही. मिरजेपुढचा फाटा कोल्हापूर संस्थानानं बांधला. 1888 मध्ये त्याची पायाभरणी शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. आज स्टेशनला त्यांचंच नाव आहे.

यात्रेचं मुख्य दृश्य म्हणजे सासनकाठ्या. तीस फुटांहून उंच कळक, त्यावर रंगीत कापड गुंडाळलेलं, वरच्या टोकापासून चहूबाजूंना दोर. एकजण काठी पेलतो, बाकीचे दोर ताणून तोल सांभाळतात आणि हलगीच्या ठेक्यावर ती नाचवली जाते. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा, दुसरा पाटण तालुक्यातल्या विहेचा. दोर धरणाऱ्यांची नजर सतत टोकावर असते. एकानं हात सैल सोडला तर काठी झुकते. एवढ्या माणसांनी मिळून एका उभ्या बांबूचा तोल राखणं, याहून सुंदर सामूहिक काम मला ठाऊक नाही.

काठीचा असाच तोल जपानमध्येही राखतात. तिथल्या अकिता शहरात दरवर्षी 3 ते 6 ऑगस्टला कांतो नावाचा उत्सव होतो. तिथेही बांबूच असतो: सुमारे 12 मीटर उंच, 46 कागदी कंदील लावलेला, वजन जवळपास 50 किलो. पण तिथे दोर नसतो. एकच माणूस तो तळहातावर, कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलतो. चांगलं पीक येऊ दे, हे मागणं त्या कंदिलांत असतं. आपला शेतकरीही गुलाल-खोबरं उधळताना हेच मागतो. उन्हाळ्यातले असे उत्सव पाहायला जपानी माणसंही साध्या गाड्यांनी निघतात. त्यांच्याकडे 1982 पासून साध्या गाड्यांसाठी खास स्वस्त तिकीट आहे. ते काढलं की ठरलेल्या दिवसांत जेआर रेल्वेच्या साध्या गाड्यांतून हवं तितकं फिरता येतं. आपल्या रेल्वेनंही मोठ्या यात्रांच्या काळात असं एक तिकीट द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरच्या स्टेशनपासून मध्यवर्ती बसस्थानक जवळच आहे. तिथून जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या, डोंगरावर यात्रेसाठी जादा एसटी सुटतात. अंतर अठरा-वीस किलोमीटर. सध्याचं मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी 1730 मध्ये बांधलं. दर्शनाची रांग लांब असते. आधी काठ्या पाहा, दर्शन संध्याकाळनंतर घ्या. संध्याकाळी पालखी यमाई मंदिराकडे निघते, तेव्हा वाट अडवू नका.

दगडी पायऱ्या चैत्रात तापतात, म्हणून पायात मोजे ठेवा. पाण्याची बाटली आणि डोक्याला पंचा विसरू नका. अंगावरचे कपडे जुनेच असू द्या, गुलालाचा रंग सहजी जात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर नाचत्या काठीच्या दोरांपासून त्यांना लांब उभं करा.

पुढच्या आठवड्यात कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला जाऊ.